दर्शन आणि राखण

'पाहुणा' हा शब्द कानाला 'पाहणे' या क्रियापदाच्या जवळचा वाटतो. व्युत्पत्ती मात्र तसे सांगत नाही. संस्कृत 'प्राघुण', प्राकृत 'पाहुण' अशा वाटेने तो मराठीत आला आणि घरी आलेला अतिथी एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. तरीही ध्वनिसाम्याचा हा योगायोग आजच्या प्रवाशाला चांगलाच लागू पडतो. पूर्वीचा पाहुणा नात्याने, कामाने अथवा यात्रेच्या निमित्ताने येई. आजचा पाहुणा मुख्यतः पाहण्यासाठी येतो. काय काय पाहिले याची यादी घेऊन तो परततो आणि जे पाहायचे राहून गेले त्याची हळहळही बरोबर नेतो. अतिथीच्या नात्यात यजमानाची कर्तव्ये होती तशी अतिथीचीही बंधने होती. घरात कोठवर जावे, काय मागू नये, केव्हा उठावे, हे त्याला न सांगता कळत असे. केवळ पाहण्यासाठी आलेल्या पाहुण्यावर कोणते बंधन असते? आणि ज्याला पाहायचे तो माणूस नसून मुका प्राणी असेल, तर ते बंधन सांगायचे कोणी? हा प्रश्न मला चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर पडला. तो पडण्याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. त्या चुकीचे समर्थन करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. तिने जो विचार करायला भाग पाडले तो मांडावा, एवढाच हेतू आहे.

चेन्नई हे मराठी माणसाला सर्वस्वी परके शहर नाही. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी तेथील काळिकांबाळ मंदिरात दर्शन घेतले, अशी स्थानिक परंपरा आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांच्या शाखाही पुढे या शहरात नांदल्या. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने येथे किनाऱ्यावरची एक पट्टी मिळवली आणि सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. १६८८ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १९९६ मध्ये मद्रासचे अधिकृत नाव चेन्नई झाले. असा इतिहास सांगताना आपण नकळत असे गृहीत धरतो, की किल्ल्यापूर्वी येथे काही खेडी आणि बाकी सारी मोकळी वाळू होती. वस्तुतः ती भूमी मोकळी नव्हती. हिवाळ्याच्या अखेरीस त्या वाळूत ऑलिव्ह रिडली जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यास येत होती. दक्षिणेकडे पल्लीकरणैची विस्तीर्ण दलदल पाणपक्ष्यांनी भरलेली होती. गिंडीच्या काटेरी, सदाहरित झुडपी रानात काळवीट चरत होते.

ते सारे आजही आहे. पण तुकड्यांनी आहे. गिंडीचे रान प्रथम उरले ते गव्हर्नरच्या निवासाभोवतीची राखीव जागा म्हणून. पुढे त्याच्यातून कोणी शिक्षणसंस्थेसाठी, कोणी स्मारकांसाठी वाटा घेतला आणि उरलेल्या पावणेतीन चौरस किलोमीटरांच्या आसपासच्या क्षेत्राला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पल्लीकरणैची दलदल मूळ विस्ताराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी राहिली आहे आणि तिच्या एका अंगाला शहराचा कचरा वर्षानुवर्षे पडत आला आहे. २०२२ मध्ये याच दलदलीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. एकाच भूमीवर कचऱ्याचा ढीग आणि जागतिक सन्मान शेजारी शेजारी असावेत, हे आपल्या काळाच्या नैतिक गोंधळाचे पुरेसे बोलके चित्र आहे.

आता त्या रात्रीविषयी. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने फेब्रुवारीत मी चेन्नईला गेलो होतो. तेथील विद्यार्थी जानेवारी ते मार्च या महिन्यांत रात्री किनाऱ्यावर चालतात, कासवांची घरटी शोधतात आणि अंडी कुत्र्यांच्या व माणसांच्या तावडीत सापडू नयेत म्हणून कुंपण घातलेल्या उबवण-जागेत नेऊन पुरतात, असे मी ऐकून होतो. १९८८ पासून त्यांची रीतसर संघटना आहे. इच्छुकांनाही ते कधी कधी बरोबर घेतात. निलांकरैपासून बेझंटनगरपर्यंतची ती सहा-सात किलोमीटरांची चाल असते. निघण्यापूर्वी एका मुलाने नियम सांगितले. त्यांतला पहिला असा, की प्रकाश नको. माझ्या खिशात विजेरी होती. वयाचा विचार करून, अडीअडचणीला म्हणून ती मी जवळ ठेवली आणि तसे कोणाला सांगितले नाही.

मध्यरात्र उलटून बराच वेळ झाल्यावर पुढे चालणाऱ्या मुलाने हात वर करून सर्वांना बसवले. फुटणाऱ्या लाटेच्या कडेला काहीतरी काळे, जड असे वर सरकत होते. थांबत होते आणि पुन्हा सरकत होते. ती मादी होती. मी किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर वाढलेला मनुष्य. असे दृश्य आयुष्यात पुन्हा दिसणार नाही, या एका विचाराने माझा हात खिशात गेला. प्रकाश पडला तो क्षणभरच. तेवढ्यात मला तिची पाठ दिसली, डोळ्यांजवळची ओल दिसली आणि ती वळताना दिसली. पुढच्या लाटेने तिला परत नेले.

मला कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. बऱ्याच वेळाने तो मुलगा एवढेच म्हणाला, "अंडी ती कुठेतरी घालीलच, सर. फक्त कुठे, ते आम्हांला कळणार नाही." हे वाक्य साधे होते, पण माझ्या कृत्याचा हिशेब त्याने नेमका मांडला होता. मी केवळ एका प्राण्याला घाबरवले नव्हते. शंभरेक अंड्यांचे एक घरटे मी राखणीच्या बाहेर घालवले होते. आणि हे मी द्वेषाने, लोभाने किंवा भुकेने केले नव्हते; कौतुकाने केले होते.

येथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. क्रूरतेविषयी तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. कांटने प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य हे अंतिमतः आपल्याच माणुसकीविषयीचे कर्तव्य मानले. जो प्राण्याशी निर्दय होतो तो माणसांशीही निर्दय होतो, असा त्याचा युक्तिवाद. बेंथमने प्राण्याला बुद्धी आहे का हा प्रश्न बाजूला सारून त्याला वेदना होते का, हा प्रश्न पुढे आणला. तमिळ परंपरेत 'तिरुक्कुरळ'ने न मारण्याच्या व्रतासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. परंतु यांपैकी कोणताही विचार माझ्या चुकीला थेट भिडत नाही. मी निर्दय नव्हतो, मी वेदना दिली नाही आणि मी मारले नाही. मी फक्त पाहिले. पाहणे हे निरुपद्रवी असते, किंबहुना ते सद्भावनेचे लक्षण असते, असे आपण धरून चालतो. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

तिच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे आणि ते मी टाळू इच्छित नाही. जे दिसत नाही त्याविषयी प्रेम उत्पन्न होत नाही आणि जेथे प्रेम नाही तेथे रक्षण होत नाही, असा हा युक्तिवाद आहे. १८५५ मध्ये एडवर्ड बाल्फोर यांनी मद्रासच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात प्राणिसंग्रह सुरू केला, तेव्हापासून या शहराने हा युक्तिवाद जोपासला आहे. वंडलूरचे आजचे प्राणिसंग्रहालय त्याच परंपरेतले. महाबलीपुरमच्या वाटेवरची मगरींची पैदास करणारी संस्था रोम्युलस व्हिटेकर आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये उभारली. आजही तेथे मुले कुंपणावरून वाकून मगरी पाहतात आणि त्यांतली काही पुढे अभ्यासक होतात. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांची घरटी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, घरोघरी त्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली आणि अंडी काढून नेण्यापेक्षा ती राखणे गावाला श्रेयस्कर वाटू लागले. हे सारे पाहण्याच्या इच्छेवर उभे आहे. ती इच्छा केवळ पापमूलक म्हणणे हा दांभिकपणा ठरेल.

तरीही या युक्तिवादात एक उणीव आहे. प्रेमाचे मूल्य तो दर्शनाच्या रूपाने वसूल करतो. मी तुझे रक्षण करीन, मात्र तू मला दिसले पाहिजेस, अशी एक न बोललेली अट त्यात असते. जे दिसायला मोहक नाही अथवा माणसाच्या सोयीच्या वेळी प्रकट होत नाही, ते या करारातून आपोआप वगळले जाते. दलदलीवर कचरा पडला याचे एक कारण हेही आहे, की दलदल पाहायला कोणी जात नव्हते.

मग दर्शनावाचून राखण झाल्याचे उदाहरण आहे का? चेन्नईच्या नैर्ऋत्येस पाऊणशे किलोमीटरांवर वेडंतांगल नावाचे गाव आहे. या नावाचा अर्थ 'शिकाऱ्याची वस्ती' असा सांगतात, आणि त्याच गावाने आपल्या तळ्यावरचे पक्षी शिकाऱ्यांपासून वाचवले. १७९८ मध्ये जिल्ह्याचा कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडून ग्रामस्थांनी या रक्षणाच्या हक्काला लेखी मान्यता मिळवली. पक्षी त्यांना सुंदर वाटत होते की नाही, ते कळण्यास मार्ग नाही. एवढे निश्चित, की तळ्यातल्या झाडांवर हजारोंनी विणीला येणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेने पाणी सकस होते आणि ते पाणी भातशेतीला मिळते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे ही राखण प्रेमातून नव्हे, हितातून जन्मली. इरुळ जमातीची कथाही काहीशी अशीच. साप पकडून त्यांची कातडी विकणे हा त्यांच्या उपजीविकेचा आधार होता. १९७० च्या दशकात कायद्याने तो व्यापार बंद झाला, आणि १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडून त्यांचे विष काढायचे, ते प्रतिविष बनवण्यासाठी द्यायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचे, असा नवा धर्म त्या जुन्या विद्येला मिळाला. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघा इरुळ सर्पतज्ज्ञांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

हितातून जन्मलेली राखण कमी प्रतीची असते का? शुद्ध नीतीचा आग्रह धरणारा होय म्हणेल. मला तसे वाटत नाही. शेतकरी माळ्यावर बसून रात्रभर पीक राखतो, त्या राखणीला आपण स्वार्थी म्हणत नाही. हितातून आलेल्या राखणीचा एक मोठा गुण असा, की ती प्राण्याकडे दर्शनाची भीक मागत नाही. पक्षी येतात, जातात; गाव आपल्या कामाला लागते. तिची मर्यादाही उघड आहे. हित संपले की राखणही संपते. भाताच्या जागी कारखाना आला, की पक्ष्यांचा करार मोडतो. आणि कासवाजवळ तर देण्यासारखे असे काहीच नाही. ती मादी पाण्याला खत देत नाही आणि माणसाच्या औषधालाही येत नाही. ती येते, वाळू उकरते, अंडी झाकते आणि पिलांचे तोंडही न पाहता निघून जाते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी बाहेर पडणारी पिले क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेने धावतात. हा उजेड पूर्वी फक्त समुद्राचा असे. आता शहराचे दिवे अधिक तेजस्वी आहेत आणि पिले उलट दिशेने रस्त्याकडे जातात. जिच्याकडून काही मिळायचे नाही आणि जी बहुधा दिसायचीही नाही, तिची राखण कशाच्या आधारावर करायची?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही; त्या मुलांच्या चालण्यात मिळाले. नंतर विचारल्यावर कळले, की बहुतेक रात्री त्यांना कासव दिसतच नाही. दिसतात ते वाळूवरचे ठसे, तेही भरतीने पुसण्यापूर्वी गाठले तर. किनारा हाच त्यांचा ग्रंथ आणि त्यातली एखादी ओळ कोठे उमटली आहे, ते वाचणे हे त्यांचे काम. या कामाचा पाया १९७० च्या दशकात ज्यांनी घातला त्यांत सतीश भास्कर होते. चेन्नईच्या आय.आय.टी.तले अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून त्यांनी देशाचे किनारे पायी तुडवले. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपमधल्या एका निर्जन बेटावर कासवांच्या अभ्यासासाठी ते अनेक महिने एकटे राहिले. तेथून पत्नीला लिहिलेले एक पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडले. ते श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका माणसाला सापडले आणि त्याने ते पुढे पोहोचते केले. २०२३ मध्ये भास्कर निवर्तले. ज्याला बक्षीस दर्शनाचेच हवे असते तो मनुष्य असा चालू शकत नाही.

आपल्या परंपरेत या वृत्तीला जवळचे असे काही आहे. आषाढीला पंढरपुरात लक्षावधी वारकरी पोहोचतात आणि त्यांतले कितीतरी गाभाऱ्यापर्यंत जात नाहीत. कळसाला हात जोडून ते परततात. वारी फळली नाही असे त्यांना वाटत नाही, कारण वारीचे सार चालण्यात आहे. देवराईचेही तेच. तिच्यात काय आहे हे पाहायला गावकरी आत शिरत नसत. ती आहे, एवढे त्यांना पुरे होते. कोकणात गावाच्या अदृश्य रक्षकाला राखणदार म्हणतात. तेथे राखणारा दिसत नाही. कासवाच्या बाबतीत जिला राखायचे ती दिसत नाही. दोन्ही ठिकाणी श्रद्धा न दिसण्यावर पोसली जाते.

पण हे उदाहरण देताना सावध राहिले पाहिजे. दर्शनाचा त्याग हा ज्याला दर्शनाचा हक्क आहे त्यालाच शोभतो. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर पायरीपाशी आहे, ती त्यांनी त्याग केला म्हणून नव्हे; त्यांना आत जाऊ दिले नाही म्हणून. ते दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. म्हणून संयमाचा उपदेश करणाऱ्याने, तो कोणाला करतो आहोत हे आधी पाहावे. चेन्नईच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्या आहेत. कासवांचा हंगाम आला, की दिवे मंद करा, जाळी अमुक ठिकाणी टाकू नका, अशी सारी सांगणी प्रथम त्यांच्या दाराशी जातात. माझ्यासारख्या पाहुण्याचा त्याग एका विजेरीपुरता असतो. त्यांचा त्याग दिवसाच्या कमाईचा असतो. दोन्ही त्यागांना एकच नाव देणे अन्यायाचे होईल.

आणि खरा संहार तर त्या वस्तीपासून दूर घडतो. २०२५ च्या जानेवारीत चेन्नईच्या व आसपासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली कासवांची शेकडो कलेवरे वाहून आली. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. यांत्रिक बोटींनी ओढलेल्या जाळ्यात सापडून ते पाण्याखाली अडकून राहिले तर गुदमरून मरते. जाळ्यातून कासवाला सुटण्यासाठी वाट ठेवणारी साधने उपलब्ध आहेत, किनाऱ्यालगत मोठ्या बोटींना मनाई करणारे नियम आहेत. त्यांचे पालन मात्र खर्चाचे आणि गैरसोयीचे आहे. त्या बोटी जे आणतात ते आपल्या बाजारात येते आणि स्वस्त असावे अशी आपली अपेक्षा असते. त्या दिवसांत किनाऱ्यावर फिरायला आलेल्या प्रत्येकाला कासव दिसले. त्यासाठी रात्रभर चालावे लागले नाही, विजेरी लागली नाही. ती बातमी वाचताना मला माझ्या विजेरीची आठवण झाली, आणि त्याबरोबरच हेही जाणवले, की तिच्यावर एवढा पश्चात्ताप करून मी एका सोप्या अपराधाच्या आड लपलो होतो. माझ्या हातून जे दिसत घडले त्याचा मी हिशेब ठेवला. माझ्या ताटामुळे जे न दिसता घडत होते, त्याचा ठेवला नव्हता.

म्हणून मला आता असे वाटते, की पाहुण्याची बंधने दोन आहेत आणि दुसरे अधिक कठीण आहे. पहिले असे, की ज्याला पाहायला आलो त्याने दिसलेच पाहिजे हा आग्रह सोडावा. दुसरे असे, की जे आपल्याला दिसत नाही त्यातला आपला वाटा शोधून काढावा आणि त्याची किंमत आपण चुकवावी. ती कोळ्यावर ढकलू नये, कासवावरही नाही. मासळी किती दराने विकत घ्यायची, ती कोणत्या जाळ्यातून आली हे विचारायचे की नाही, किनाऱ्यावरच्या घरात राहण्याची हौस बाळगायची की नाही, हे प्रश्न दर्शनाच्या आनंदासारखे रम्य नाहीत. पण राखण बहुतांशी अशा रुक्ष गोष्टींचीच बनलेली असते.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी पुन्हा त्या किनाऱ्यावर गेलो. विजेरी या खेपेस मुक्कामाच्या खोलीतच ठेवली. रात्रभरात काहीही दिसले नाही. पहाटेच्या सुमारास एका जागी वाळूवर येतानाची आणि जातानाची अशा दोन माखलेल्या रेषा आढळल्या. एका मुलीने काठीने हलकेच चाचपून घरट्याची जागा शोधली, कोपरापर्यंत हात घालून अंडी एकेक करून वर काढली आणि मोजण्याचे काम मला दिले. एकशे अकरा भरली. ती उबदार होती आणि त्यांच्यावर ओली वाळू चिकटली होती. आम्ही पोहोचण्यापूर्वीच ती येऊन गेली होती.